घडियाळी पोळमधले फोटो

आपल्या बेळगावात गल्ली, धारवाडात ओणी, तशी बडोद्यात पोळ. मांडवीजवळच्या घडियाळी पोळमध्ये अंबामातेच्या देवळापाशी नवरात्रात फक्त पुरुष गरबा खेळतात. तो जरूर पाहावा. मी मात्र भरदुपारी गेलो होतो, कोरीव लाकडी घरांसाठी. एका घरच्या आजी म्हणाल्या, "काढून घ्या, दिवाळीनंतर हे घर उतरवणार आहेत."

पंचाईत उजेडाची. पोळ अरुंद, वर आभाळ लख्ख आणि सज्जाखालची नक्षी काळोखात. जेपेग फाइलमध्ये लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या २५६-२५६ छटाच मावतात. शिवाय आकार लहान करताना बारकावे गाळले जातात, ते परत मिळत नाहीत. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये त्याच छटा १६,३८४. काळोखातली वेलबुट्टी घरी संगणकावर उजेडात आणता येते. कार्ड भराभर भरते खरे, आणि अशी फाइल नातेवाइकांच्या मोबाईलवर सहसा उघडतही नाही. गरब्याला, जेवणावळीला जेपेग पुरे.

या घरासाठी मी कॅमेरा दोन्हींवर ठेवला. जेपेगवरून छापलेली प्रत आजींना दिली. तुळईवरचे मोर रॉमध्ये आहेत, पिसांसकट.