भक्ती गुलाबोनेच का करायची?



गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेत पोरांना गुरुदत्तचा १९५७ सालचा ‘प्यासा’ दाखवला. सिनेमा संपल्यावर कलापथकातला एक मुलगा रेंगाळला. ढोलकी वाजवतो, गाणी लिहितो. म्हणाला, “ताई, माझंपण विजयसारखंच झालंय. जिच्यावर जीव जडला तिला नोकरीवाला पाहिजे. दुसरी एक आहे, काहीच मागत नाही. माझी गाणी वहीत उतरवून ठेवते. आता गुलाबोकडंच जाऊ ना?”

मला हसू आलं नाही. ती वही माझ्या ओळखीची आहे.

एम.ए.च्या दोन वर्षांत मी एका कवी कार्यकर्त्याच्या कविता सुवाच्य अक्षरात उतरवल्या, प्रुफं तपासली. माझा स्वतःचा प्रबंध त्यापायी रखडला. विषय होता घरकाम करणाऱ्या बायांचे श्रम! संग्रहाच्या प्रकाशनाला खुर्च्याही मीच मांडल्या. ऋणनिर्देशात ‘सर्व सहकारी’ एवढंच. त्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही. मी काही मागितलंच नव्हतं, आणि न मागण्याचा मला अभिमान होता.

‘प्यासा’त भावांनी रद्दीत विकलेल्या विजयच्या कविता गुलाबो विकत घेते. तो मेला असं समजून त्या छापून याव्यात म्हणून प्रकाशकाच्या दारी जाते. एका प्रसंगात रस्त्यावर वैष्णव कीर्तन चाललंय, ती जिना चढून गच्चीवर त्याच्या पाठीशी येते आणि स्पर्शही न करता परत फिरते. वहिदा रहमानचं ते काम विसरता येत नाही. पण कीर्तन तिथं उगाच नाही. वेश्येला पवित्र ठरवायला दिग्दर्शकाला ती भक्तीण करावी लागली. आणि सुरक्षित घर निवडणारी मीना? ती स्वार्थी ठरली. स्वतः फाटक्या खिशाचा असलेला विजय मात्र प्रतिभावंत!

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. हे भाषण आपण दरवर्षी वाचतो. घरी आल्यावर मात्र आपल्या कवीला, शाहिराला, वक्त्याला एक भक्तीण लागतेच. (वक्त्याला तर दोन. एक चहाला, एक टाळ्यांना.)

नोकरीवाला मागणाऱ्या त्या मुलीची बाजूही मी त्याला सांगितली. आई धुणीभांडी करत असेल तर पगाराची किंमत तिला कवितेतून शिकवायला नको. त्याला ते आवडलं नाही.

मग विचारलं, “त्या दुसरीच्या वहीत तिचं स्वतःचं काही लिहिलेलं आहे का?”

त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, “विचारून ये.”

अजून आलेला नाही.