हातांचे पाठभेद

6 सप्टेंबर 2025, शनिवार
अनंत चतुर्दशी. मिरवणुकीला जायचं की नाही यावरून घरात नेहमीचं भांडण. पप्पांना ढोल-ताशाच्या पथकाला अगदी खेटून उभं राहायचं असतं. ठोका बरगड्यांत घ्यायचा असतो. आईला श्रवणयंत्र लावून थोडंफार ऐकू येतं, म्हणजे मिरवणुकीत नुसता कल्ला. ती यंत्र काढून डबीत ठेवते आणि रात्रभर फणफणत राहते.

2016 च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांचा श्रवणऱ्हास 70 डेसिबल किंवा जास्त असेल तर माणूस बधिर, 60 ते 70 असेल तर रकाना वेगळा. पप्पा पहिल्यात, आई दुसऱ्यात. पण आमच्या घरातला खरा फरक डेसिबलचा नाही, शाळेचा आहे.

8 सप्टेंबर, सोमवार
आई मुंबईतल्या शाळेत शिकली. बोलायला शिकवणारी शाळा: बाईंच्या गळ्यावर हात ठेवून कंप ओळखायचा, ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हणायचा, पट्टी हलली तर शाबासकी. वर्गात हातवारे केले तर बोटांवर पट्टी. त्यामुळे मुली खरं शिकल्या ते डबा खाताना आणि संडासाच्या मागे, मोठ्या मुलींकडून. 1880 साली इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांची परिषद भरली, तिनं ठराव केला की बहिऱ्या मुलांना बोलूनच शिकवावं. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्या ठरावाची छडी दादरच्या एका मुलीपर्यंत पोचायला ऐंशीएक वर्षं लागली, पण पोचली.

पप्पा शाळेतच गेले नाहीत. सांगली जिल्ह्यातलं खेडं, अख्ख्या गावात एकटे बहिरे. घरच्यांनी आणि त्यांनी मिळून खुणा रचल्या. त्यांचा गुरुवार अजूनही डोक्यावर पाटी उचलून होतो, कारण गावचा बाजार गुरुवारी. दुसरा बहिरा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो कामाला मुंबईत आल्यावर.

13 सप्टेंबर, शनिवार
पप्पांबरोबर लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात. त्यांची शाळा हीच. नोकरी कुठे निघालीय, कुणाचं लग्न ठरलं, कुठला डॉक्टर नीट लिहून देतो, सगळं इथे कळायचं. गाडी सुटली तरी फलाटावरच्या माणसाशी बोलणं चालू, कारण नजर पोचते तिथवर आवाजाची गरज नाही. ॲनेलीस कुस्टर्स या बेल्जियमच्या बधिर संशोधक बाईंनी 2009 मध्ये याच डब्यांवर लेख लिहिला. त्यांचा 2015 चा ‘इशारे’ माहितीपटही मुंबईतलाच: बहिरी माणसं दुकानदारांशी, फेरीवाल्यांशी खुणांनी कसे व्यवहार करतात ते दाखवणारा. पप्पांना त्यात विशेष काही वाटलं नाही. भाजी घ्यायला सिनेमा कशाला, म्हणाले.

आता डबा पूर्वीसारखा गजबजत नाही, पोरं व्हिडिओ कॉलवर भेटतात. आज एका कॉलेजच्या मुलानं पप्पांचा गुरुवार दुरुस्त केला. दिल्लीच्या सांकेतिक भाषा संशोधन केंद्राचा शब्दकोश 2018 मध्ये 3,000 शब्दांचा होता, 2021 मध्ये 10,000 चा झाला. पोरगा त्यातूनच शिकलेला. पप्पांनी विचारलं, “बाजाराला गेलायस कधी?” पोरगा हसला, पण खूण काही त्यानं बदलली नाही. मला कोश हवाच आहे. त्याच्याशिवाय विज्ञान शिकवणार कसं? फक्त कोश हातात आला की लोक दुसऱ्याचे हात तपासायला लागतात.

17 सप्टेंबर, बुधवार
कोर्टात दुभाषी म्हणून. साक्षीदार बाई शाळा न पाहिलेली, घरच्या खुणांवर वाढलेली. माझी भाषा तिला परकी. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाची एक सर्वसाधारण खूण असते: चेहरा दाखवून ती केली की ‘कोण’, जागा दाखवून केली की ‘कुठे’. बाईला ती खूणच ठाऊक नाही. म्हणून सोबत बधिर दुभाषी आणले होते. मी वकिलांचं मराठी खुणांतून त्यांच्याकडे, ते पुढे तिच्यापर्यंत, आणि उत्तर त्याच वाटेनं मागे. ‘कोण’ विचारायला ते माणसं उभी करतात: मिशीवाला? म्हातारा? नाकात चमकी घातलेली? लगेच समोरचे वकील उठले: हा सूचक प्रश्न झाला, उत्तर साक्षीदाराच्या तोंडी घालताय. कायद्याच्या बाजूनं त्यांचं बरोबर होतं. पण प्रश्नाचा शब्दच नसलेल्या माणसाला पर्याय न देता विचारायचं कसं? साक्ष अधिनियमाच्या कलम 125 मध्ये दुभाष्याची मदत घ्या, व्हिडिओ करा, एवढं आहे. पुढचं आम्ही जागेवर निभावायचं. पुढची तारीख पडली.

21 सप्टेंबर, रविवार
आमच्या बधिर मंडळाची बैठक. आल्या आल्या मावशींनी “जाडी झालीस” असं सांगून टाकलं. यात अपमान नाही, दिसतं ते बोलायचं. एका बधिर जोडप्यानं मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट करून घेतलंय. काहीजण त्यांच्याशी तुटक वागतात, जणू पोरगी परक्यांना देऊन टाकली. मला हे पटत नाही. त्या चिमुरडीचे हात आईशी भराभर बोलतात. तिला दोन्ही मिळालं तर कुणाचं काय जातं? उलट डॉक्टरांनी “आता खुणा बंद” असं बजावलंय, राग त्याचा यायला हवा.

कोपऱ्यात दृष्टीही गेलेले काका बसले होते. समोरच्याच्या हातांवर आपले हात ठेवून ते ऐकतात. अशा माणसांसाठी मुंबईत हेलन केलर संस्था 1977 पासून आहे, पण आपल्या बैठकीत त्यांच्याशेजारी बसायला नेहमी एखादाच उठतो. आज पप्पा उठले. काकांना पप्पांच्या गावठी खुणा इतरांपेक्षा लवकर कळतात, मोठ्या असतात म्हणून.

23 सप्टेंबर, मंगळवार
सांकेतिक भाषा दिन. 1951 मध्ये याच तारखेला रोममध्ये बधिरांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, म्हणून. सभागृहात दुभाष्याला झगझगीत पडद्यासमोर उभं केलेलं, त्यामुळे त्याचे हात काळे ठिपके. पाहुण्यांचं भाषण लांबलं तसं प्रेक्षकांनी खुर्च्या फिरवून आपापसात गप्पा सुरू केल्या. कार्यक्रम संपला तरी कुणी हलेना. बहिऱ्यांचा निरोप तासभर चालतो.

शेवटी वॉचमन कंटाळला. लोक जावेत म्हणून त्यानं दिवे चालू-बंद केले. आमच्यात त्याचा अर्थ ‘इकडे बघा’. दोनशे माणसं गप्पा थांबवून त्याच्याकडे वळली आणि तो काय सांगतोय याची वाट पाहू लागली.