जास्तीची माती

ऑक्टोबर संपत आलाय. इथे इंडियानात जमीन गोठायला आता फार दिवस नाहीत, म्हणून आज पिओनी उकरायला घेतली. तीन वर्षांपूर्वी अम्माने लावलेली. पहिली दोन वर्षं फूल येत नाही, हे सगळेच सांगतात. पण या वर्षीही नुसती पानंच आली.

१९५७ पासून पिओनी हे इंडियानाचं राज्यफूल. मे महिन्यात आमच्या गल्लीत दारोदारी बशीएवढी फुलं असतात, आमचं दार सोडून.

टपालाने आलेलं 'रोप' बघून अम्मा हसली होती. ना माती, ना पान. भुशात गुंडाळलेली तपकिरी मुळं आणि वर चार-पाच गुलाबी डोळे. "हे तर सुरण!" चिपळूणच्या परसात ती सुरण लावायची. हातभर खड्डा, शेणखत, डोळा वर. इथेही तिने तेच केलं. मी कागद वाचून दाखवत होतो, "अम्मा, डोळ्यांवर दोन इंचांपेक्षा जास्त माती नको." "थंडीत मरेल बिचारी," म्हणत तिने आणखी चार ओंजळी ओढल्या.

खरं तर या झाडाला थंडी हवीच असते. हिवाळाभर गारठा मिळाला तरच फुलं धरतात. डोळे खोल गेले की मात्र पानांवरच भागवावं लागतं.

युनानीतलं ऊद सलीब म्हणजे पिओनीचंच मूळ, हकीम ते मिरगीवर देत आलेत, हेही मी तिला सांगितलं. तिच्या धाकट्या भावाला मिरगी होती. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे दवा आहे ही. मग फुलं नाही आली तरी वाया नाही जायची."

पुढच्याच्या पुढच्या रमजानमध्ये ती गेली. आमच्यात दफनाला उशीर करत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. मी विमानात होतो. आईला मिट्टी द्यायला मुलगा नव्हता.

त्यानंतर ही पिओनी वर घ्यायला हात होईना. शेजारच्या आजी दर वसंतात सांगायच्या, "खोल बसलीय ती." त्यांच्याकडची त्यांच्या सासूच्या हातची आहे, अजून फुलते. पण पिओनीला जागेवरून हलवलेलं आवडत नाही, हलवली की वर्ष-दोन वर्षं रुसते. मला तेवढं निमित्त पुरायचं. शेवटी काल बायको म्हणाली, "अम्मा असत्या तर त्यांनीच कधीच उकरून बघितलं असतं." हे खरंच. सुरण केवढा झालाय ते बघायला ती मुदतीआधीच माती बाजूला करायची.

आधी हातानेच माती काढली. पट्टी लावली, डोळ्यांवर साडेसहा इंच. मग फावड्याने लांबून लांबून सोडवत मुळं वर काढली. चांगली मनगटाएवढी झाली होती आणि डोळे अकरा. तिथेच खड्डा भरून घेतला, पुन्हा बसवली, वर मोजून दोन इंच माती.

घमेलंभर माती उरली. बायकोने विचारलं, कुठे टाकू? म्हटलं, राहू दे. घमेलं पायरीपाशीच आहे.