चुना, मका आणि भाडं

पुण्यात ‘मेक्सिकन’ म्हणून आपण जे खातो, म्हणजे कुरकुरीत नाचोज, त्यावर पिवळंधम्मक चीज आणि मैद्याच्या गुंडाळीत कोंबलेला राजमा, ते बरंचसं टेक्सासकडून आलेलं आहे. उत्तर मेक्सिकोत गव्हाच्या टोर्टिया खातात हे खरं, पण मेक्सिको सिटीत टोर्टिया म्हणजे मक्याचीच. मऊ, तळहातापेक्षा जराशी मोठी, आणि वास असा की डोळे मिटले तर चुलीवर भाकरी चाललीये असं वाटावं.

फक्त भाकरी आणि टोर्टियात एक फरक आहे, आणि तो लहान नाही. आपण धान्य दळतो, पाण्यात मळतो, थापतो. हे लोक सुका मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात. चुना म्हणजे आजोबा पानाला लावायचे तोच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. मग तो रात्रभर तसाच मुरवायचा, सकाळी धुवायचा, सालं सुटून जातात, आणि ओलाच दळायचा. या भिजल्या मक्याला ‘निश्तामाल’ म्हणतात. नाहुआत्ल भाषेतला शब्द, त्यात ‘राख’ दडलेली आहे. दळून जो गोळा होतो तो ‘मासा’ (मत्स्याहारींनी उगाच खूष होऊ नये). आपली मक्याची भाकरी थापताना कडेला चिरते, हा गोळा चिरत नाही, ते चुन्यामुळेच.

पण खरी गंमत पुढे आहे. मक्यात नायसिन असतं, पण ते अशा रूपात अडकलेलं असतं की शरीराला ते मिळतच नाही. चुन्यानं ते मोकळं होतं. युरोपियनांनी मका नेला, चुना मात्र इथेच ठेवला. मग अठराव्या शतकात इटली-स्पेनमध्ये नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होऊ लागला. कातडी सोलवटते, डोकं भ्रमिष्ट होतं, माणूस मरतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात तेच झालं. (आपल्या दख्खनमध्येही ज्वारीवर जगणाऱ्यांत हा आजार दिसला होता, आणि हैदराबादच्या पोषण संस्थेत १९६० च्या दशकात त्यावर काम झालं.) आमच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी उचलली आणि डिपेंडन्सी विसरले.

असो. गल्लीतलं टोर्टियाचं दुकान म्हणजे ‘तोर्तियेरिया’. आत मशीन खडखडत असतं, पट्ट्यावरून टोर्टिया फुगत येतात, आणि किलोवर विकतात. किलोला वीस-पंचवीस पेसो. शहाणी माणसं घरून कापडी फडकं आणतात, बाकीच्यांना कागदात बांधून मिळतात. बऱ्याच ठिकाणी काउंटरवर मिठाची डबी असते. आपली पाळी आली की एक गरम टोर्टिया उचलायची, मीठ भुरभुरायचं, गुंडाळायची आणि खायची. ‘ताको दे साल’. इतकं साधं खाणं मी या देशात दुसरं पाहिलेलं नाही.

बाजारात माझ्यासारख्या सावळ्या माणसालाही विक्रेते ‘वेरितो’ म्हणून हाक मारतात, म्हणजे ‘गोरोबा’! पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं होतं. भाजीवाली आणि गिऱ्हाईक एकमेकांना ‘मार्चान्ता’, ‘मार्चान्ते’ म्हणतात. फोंडा म्हणजे आपली खानावळ. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तिथे सूप, भात, एक मुख्य पदार्थ आणि एखादं सरबत मिळतं. सरबत बहुधा चिंचेचं, नाहीतर लाल अंबाडीचं. उठून जाणारा अनोळखी माणूस बाकीच्या टेबलांना ‘प्रोवेचो’ म्हणून जातो, सावकाश जेवा अशा अर्थानं. हे मला फार आवडलं.

शाकाहारी असाल तर एकच शब्द पाठ करून या: ‘मान्तेका’. म्हणजे डुकराची चरबी. घोटलेल्या घेवड्यात ती असते, तामालेत असते, आणि ‘मांस नको’ म्हटल्यावर ती बाजूला होत नाही कारण ती मांस नाहीच म्हणे! त्याच न्यायानं कोंबडीही येऊ शकते. पण निवडुंगाची भाजी, भोपळ्याच्या फुलांची केसादिया, मक्यावरची काळी बुरशी (ऐकायला वाईट, चवीला मशरूमचा काका) हे सगळं आहे. घोळाची भाजी मंडईत मिळते. राजगिऱ्याची चिक्की तर ‘आलेग्रिया’ नावानं सिग्नलवर विकतात, आणि आपला उपवासाचा राजगिरा मुळात इथला. मिरची इथली. चिकू इथला, त्याचं नावसुद्धा. दसऱ्याचा झेंडूही इथलाच. इथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच्या पाकळ्यांनी पितरांना घरची वाट दाखवतात. उलट आंबा मनिलाच्या जहाजांतून इकडे आला, आणि त्यातल्या एका जातीला अजून ‘मनिला’च म्हणतात.

आणि एक मराठी माणूस मक्यासाठीच इथे आला नव्हता, पण मक्याचाच होऊन राहिला. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रज मागावर, देशोदेशी फिरत मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या जातींवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिवेरानं शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ साली ‘आमची भाकरी’ अशा अर्थाचं चित्र रंगवलं, त्यात मेजाशी बसून भाकरी मोडणारा माणूस खानखोज्यांवरून घेतलाय असं मानतात. १९६७ मध्ये ते नागपुरात वारले. शाळेत त्यांच्याबद्दल एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही.

आता भाड्याबद्दल, कारण ते सोडून मक्याबद्दल लिहिणं म्हणजे पर्यटन खात्याचं माहितीपत्रक होईल.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इथल्या शहर सरकारनं एअरबीएनबीशी करार करून लॅपटॉपवाल्या परदेशी मंडळींना आवतण दिलं. कोंदेसा, रोमा या भागांत डॉलरमध्ये कमावणारे आधीच भरले होते. भाडी चढली. कित्येक ठिकाणी सालसा गोऱ्या जिभांसाठी मिळमिळीत केलाय अशी तक्रार इथली माणसं करतात, आणि ती गमतीनं करत नाहीत. ४ जुलै २०२५ ला कोंदेसात मोर्चा निघाला, काही दुकानांच्या काचा फुटल्या. राष्ट्राध्यक्ष शाईनबाम यांनी परकीयद्वेषाचा निषेध केला, आणि लोकांच्या मागणीत तथ्य आहे हेही मान्य केलं. माझ्या एका सहकाऱ्यानं त्या दिवशी मला घरीच थांबायला सांगितलं. तो स्वतः मोर्चात होता.

त्याला काय उत्तर द्यायचं? मी रुपयांच्या नोकरीवरून आलेला, अमेरिकन नाही, असं म्हणता येतं. पण घरभाडं कंपनी देते, आणि ते माझ्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला झेपलं नाही म्हणून ते इस्तापालापाला गेले. नवरा आता दीड तास प्रवास करून याच चौकात कामाला येतो. वाकड-हिंजवडीत आमच्या पगारांनी हेच केलं, तेव्हा त्याला आम्ही ‘डेव्हलपमेंट’ म्हणत होतो. तिथे निदान शेतकऱ्याला जमिनीचे पैसे तरी मिळाले असं सांगून मोकळं होता यायचं. भाडेकरूला कोणी काही देत नाही.

आमच्या गल्लीतली तोर्तियेरिया स्वतःचा मका भिजवणारी आहे. आता अशी कमी राहिली, बाकीच्यांकडे तयार पिठाची पोती येतात. मालकीणबाई साठीच्या पुढच्या. जागेचा करार डिसेंबरमध्ये संपतोय आणि नवा आकडा त्यांनी मला बोटांवर करून दाखवला: आत्ताच्या अडीचपट. मग खांदे उडवून म्हणाल्या, ‘नी मोदो’. चालायचंच. जागेत कॉफीचं दुकान येणार असं शेजारचा न्हावी सांगतो.

घरमालकीणबाईंनी माझाही करार पुढे ठेवलाय, वाढीव भाड्याचा. कंपनी सही करेल, एचआरचा मेल येऊन पडलाय. मी दक्षिणेकडे पोर्तालेसच्या बाजूला खोल्या बघतोय, पण तिथेही माझ्यासारखा एक जण आला की काय होतं ते आता माहीत आहे, त्यामुळे मेलला उत्तर दिलेलं नाही. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

इकडे येणार असाल तर डिसेंबरच्या आत या. सकाळी नऊला गेलात तर पहिल्या घाण्याच्या मिळतात. फडकं घरून आणा.