रसिकतेला पदवी लागत नाही

शाळेच्या कामाने शिणलेले मन संध्याकाळी कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांत विसावते. मला राग ओळखता येत नाहीत. तरी आनंदात उणीव भासत नाही. रसिकतेला पदवी थोडीच लागते!

कुमारांचा जन्म १९२४ साली आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावी गावी, कानडी घरात झाला. पुढे क्षयाने गाठले, तेव्हा देवासला अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीते ऐकता ऐकता त्यांचे गाणे नव्याने घडले. कानडी मातेचा हा पुत्र कबीर गायला, तुकारामही गायला.

सीमाभागात मायबोलीचा अभिमान आम्ही जिवापाड जपतो, जपावाच. परंतु तो स्वर लागला की कानडी-मराठी हा वाद मनातून ओसरतो. तेवढा वेळ मी केवळ श्रोता असतो, आणि तेवढे मला पुरते.