एक पेला, दोन नग

अस्सल वस्तू महागच असायची, अशी आपल्या मध्यमवर्गीय मनाची पक्की समजूत असते. स्वस्तात काही चांगले मिळाले की आधी शंका येते, ‘ह्यात काहीतरी खोट असणार!’ खाण्याच्या बाबतीत मात्र ही समजूत पुष्कळदा उलटी पडते. झणझणीत मिसळ खायची तर कुणी गालिचे अंथरलेले हॉटेल शोधत नाही. जिथे बाकड्यावर जागा मिळायला उभे राहावे लागते, तिथेच आपली पावले वळतात. आपल्या पदार्थांच्या बाबतीत हे आपल्याला आपोआप कळते. परमुलखातला पदार्थ आला की मात्र आपण मेनूकार्डाच्या जाडीवरून त्याचा अस्सलपणा ठरवू लागतो.

डिमसमचे असेच झाले आहे. बांबूच्या छोट्या टोपल्यांत वाफाळत येणारी ती नाजूक पुरचुंडी आपल्याकडे बड्या हॉटेलांची मिरास होऊन बसली. एका टोपलीत तीन किंवा चार नग, आणि चौघांचे बिल म्हणजे घरातला महिन्याचा किराणा. ज्या मुलखात ती जन्मली, तिथे ती कष्टकऱ्यांची न्याहारी होती, हे ती खाणाऱ्यांच्या गावीही नसते.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला हे कळले, ते जरा लांबच्या वाटेने.

पीण्या म्हणजे शहराच्या वायव्येला, तुमकूर रस्त्याला लागून पसरलेला कारखान्यांचा मुलूख. १९७० च्या दशकात उभी राहिलेली ही लघुउद्योगांची वसाहत आज आशियातल्या मोठ्या वसाहतींत गणली जाते. इथे लेथ आहेत, प्रेस आहेत, मुलामा चढवणारी दुकाने आहेत आणि हजारो बायकांना काम देणारे कपड्यांचे कारखानेही आहेत. २०१४ साली मेट्रो आली आणि ‘पीण्या इंडस्ट्री’ या नावाचे स्टेशनच झाले. सकाळची पाळी भरायच्या वेळी त्या स्टेशनाच्या जिन्यावरून कन्नड, तमीळ, हिंदी, ओडिया, नेपाळी अशा सगळ्या भाषा एकदम खाली उतरतात.

हे गृहस्थ मूळचे कोल्हापूरकडचे, टूलरूममधले. हात कारागिराचा आणि जीभ खवय्याची. कारखान्याने एकदा नवी यंत्रे तपासून घ्यायला त्यांना तीन आठवडे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात, फोशानला पाठवले. पहिले चार दिवस त्यांनी घरून नेलेल्या चिवड्यावर आणि लाडवांवर काढले. पाचव्या दिवशी तिथला एक वयस्क फिटर त्यांना सकाळी सकाळी एका जुन्या चहाघरात घेऊन गेला.

तिथे थाटमाट काही नव्हता. लाकडी टेबले, त्यांवर प्लास्टिकचा कागद, भिंतीला घामेजलेल्या फरशा. म्हातारी माणसे वर्तमानपत्र उघडून बसलेली, कुणाच्या मांडीवर नातू. बसल्याबरोबर समोर चहा आला. त्या भागात या न्याहारीला ‘याम चा’ म्हणतात, म्हणजे नुसते ‘चहा पिणे’. सोबतचे खाणे ते डिमसम, म्हणजे काळजाला हात लावणारे! चहा ओतणाऱ्याचे आभार दोन बोटे टेबलावर हलकेच आपटून मानायचे आणि किटलीतला चहा संपला की झाकण तिरके ठेवायचे, म्हणजे वाढपी न सांगता पाणी भरून जातो. यांना ती भाषा येत नव्हती, पण बोटांची आणि झाकणाची भाषा पहिल्याच दिवशी आली.

मग टोपल्या आल्या. ‘हार गाउ’, म्हणजे कोलंबीचे मोदकच म्हणा. पारी इतकी पातळ की आतली गुलाबी कोलंबी बाहेरून दिसावी. ‘सिउ माय’, वरून उघडे, भरगच्च सारणाचे. ‘चेउंग फन’, तांदळाच्या पातळ पिठाची वाफवलेली गुंडाळी. आणि ‘लो बाक गो’, म्हणजे मुळ्याचा कीस तांदळाच्या पिठात कालवून, वाफवून, वड्या पाडून तव्यावर खरपूस केलेला. ही शेवटची वडी तोंडात टाकताच यांना आईच्या हातची कोथिंबीरवडी आठवली, आणि परक्या गावात बसून डोळ्यांत पाणी आले. फिटरला वाटले, तिखट लागले असेल. त्याने घाईघाईने चहा ओतला.

त्या फिटरनेच त्यांना एक जुना शब्दप्रयोग सांगितला, ‘एक पेला, दोन नग’. झाकणाच्या पेल्यातला चहा आणि दोन खाण्याचे नग, एवढीच कँटनच्या साध्या माणसाची सकाळ असे. कँटन म्हणजे आजचे ग्वांगझौ, फोशानच्या शेजारचेच. १९ व्या शतकात तिथे हमाल, गाडीवाले, सुतार यांच्यासाठी ‘दोन लीची दुकाने’ निघाली होती. ली म्हणजे चांदीच्या एका ताएलचा हजारावा भाग. दोन ली टाकायच्या, बाकावर टेकायचे, चहा घ्यायचा, पोटाला आधार करायचा आणि कामाला लागायचे. डिमसमचा थाट पुढे मोठ्या चहाघरांनी वाढवला, पण साध्या माणसाची ही बैठक मोडली नाही.

ती आजही किती भक्कम आहे, याचा पुरावा हाँगकाँगने दिला. माक क्वाय पुई हे तिथल्या एका आलिशान हॉटेलातले डिमसमचे आचारी. त्यांनी २००९ साली मोंगकॉक या गजबजलेल्या वस्तीत जेमतेम वीस जणांची बैठक असलेले ‘टिम हो वान’ नावाचे छोटे दुकान काढले. आचारी तोच, हात तोच. फक्त गालिचा, झुंबर आणि त्यांचे भाडे वजा झाले. मिशेलिनच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत या दुकानाला तारा मिळाला आणि जगातले सर्वांत स्वस्त तारांकित खानावळीचे दुकान म्हणून त्याचा बोलबाला झाला.

गृहस्थ परत आले ते हीच गोष्ट घोळवत. मुलगी तेव्हा सहावीत. तिने ऐकून ठेवले आणि हट्ट धरला, “बाबा, आम्हाला पण नेऊन खायला घाला ना.” फोशानला नेणे शक्य नव्हते, पण बंगळूर केवढे मोठे शहर! मिळेलच कुठेतरी. शहराच्या मध्यवस्तीतल्या एका हॉटेलचा दर पाहून पत्नी हळूच म्हणाल्या, “अहो, एवढ्या पैशात मुलीची वर्षाची पुस्तकं येतील.” त्या काही कंजूष नव्हेत. पण ज्या खाण्याची आठवण हमालांच्या बाकावरची आहे, ते खायला इस्त्रीचे कपडे घालून, भीतभीत मेनूकार्ड उघडून बसायचे, हे यांनाही पटेना.

मग सुरू झाला पीण्यातलाच शोध. रविवारी संध्याकाळी तिघे निघायचे. ‘चायनीज’ अशी पाटी दर दहा पावलांवर. पण तिथे मिळायचे ते गोबी मांचुरियन आणि फ्राइड राइस. मांचुरियन तर आपल्या मुंबईचेच लेकरू. नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मांचुरियन प्रथम केले, असे मानतात. कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला आणि कर्नाटकातल्या गल्लीगल्लीत ते जाऊन बसले. लालभडक रंगाचा इतका सुकाळ झाला की मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारला त्यात कृत्रिम रंग वापरायला बंदी घालावी लागली. चवीला वाईट नाही, पण कँटनच्या म्हाताऱ्याला दाखवले तर तो ओळखणार नाही.

एका कारखान्याच्या फाटकासमोर ॲल्युमिनियमच्या थरांच्या भांड्यातून वाफ येताना दिसली, तेव्हा मुलगी धावतच सुटली. दार्जिलिंगकडचे एक जोडपे गाडी लावून होते. गृहस्थांनी विचारले, “डिमसम आहे?” तो माणूस हसला. “नाही साहेब, हा मोमो. लोक दोन्ही एकच समजतात. त्यांची पारी वेगळी, आमची वेगळी. पण खाऊन बघा.” खोटी पाटी लावून त्याला चार पैसे जास्त मिळाले असते. त्याने ते केले नाही. गाडीभोवती सुरक्षारक्षक, शिवणकाम करणाऱ्या मुली, ईशान्येकडची पोरे उभी होती. मोमो गरम होते, चटणी डोक्यात जाणारी होती, आणि तिघांचे पोट भरून बिल अगदी बेताचे झाले.

घरी येताना मुलीने विचारले, “मोमो मिळतो, मग डिमसम का नाही मिळत?”

प्रश्न लहान तोंडचा, पण नेमका होता. पदार्थ स्वतः प्रवास करत नाही, माणसे करतात. हिमालयाकडची माणसे पोटासाठी पीण्यात आली, म्हणून त्यांचा मोमो आला. कँटनची माणसे जिथे गेली, तिथे त्यांचे खाणे गेले. आपल्या मुंबईतही ती आली होती. माझगावला नवाब टँक रस्त्यावर एका घराच्या वरच्या मजल्यावर ‘सी यिप कून’ हे त्यांचे छोटेसे देऊळ १९१९ पासून उभे आहे. गोदीच्या आसऱ्याने राहणाऱ्या त्या वस्तीतले आता फार थोडे लोक उरले. पण सगळ्यांत मोठी वस्ती झाली ती कोलकात्याला. तिथे हक्का लोकांनी कातडी कमावली, चपला शिवल्या, आणि कँटनवाल्यांनी सुतारकाम केले. त्यांची मने राखायला तिरेट्टा बाजारात पहाटेची न्याहारी सुरू झाली.

योग असा, की पुढच्याच वर्षी एका नातेवाइकाच्या लग्नासाठी या कुटुंबाला कोलकात्याला जावे लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिघे उठले. लालबाजारच्या मागे, पोद्दार कोर्टाजवळ, सुन यत सेन यांच्या नावाच्या रस्त्यावर मोठाल्या छत्र्यांखाली भांडी वाफाळत होती. बसायला जागा नाही, पानाच्या द्रोणासारख्या हलक्या बशीत खाणे आणि हातात गरम रस्सा. माशाच्या गोळ्यांचा रस्सा, गुबगुबीत बाउ, आणि होय, सिउ मायसुद्धा! एका चिनी आजीबाईंनी स्वच्छ बंगालीत सांगितले की साडेसातनंतर काही उरत नाही. मुलीने पहिला घास घेतला आणि बापाकडे बघून नुसती मान हलवली. शोध संपला होता.

पण बाजार बघून गृहस्थांचे मन थोडे खट्टूही झाले. बहुतेक भांड्यांमागे आता इतरच माणसे होती आणि त्यांत मोमोच जास्त. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे ३,००० चिनी भारतीयांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले, त्यात म्हातारे होते, पोरेही होती. सुटल्यावर अनेकांनी घरदार विकून कॅनडा, ऑस्ट्रेलियाची वाट धरली. रोज खाणारी माणसे गेली की पदार्थ पोरका होतो. मग तो एक तर हॉटेलात जाऊन महाग होतो, नाही तर विसरला जातो. स्वस्त आणि अस्सल या दोन गोष्टी एकत्र नांदायला रोजचे गिऱ्हाईक लागते. पाहुण्याला एखादे वेळी फसवता येते, रोजच्याला नाही.

पीण्यात परतल्यावर पत्नींनी एक दिवस कंबर कसली. त्या देवगडच्या, एकवीस कळ्यांच्या मोदकात हात बसलेला. हार गाउची पारी कशाची, हे नवऱ्याने तपशिलात विचारून ठेवले होते. गव्हातले नुसते सत्त्व, त्यात थोडे टॅपिओकाचे, आणि उकळते पाणी ओतून मळायचे. ऐकता ऐकता सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा तर कुरडयांचा चीक! आणि टॅपिओका म्हणजे आपला साबुदाणाच की.” उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक त्यांनी उन्हात खडखडीत वाळवला, वस्त्रगाळ केला. साबुदाणा दळून त्यात मिसळला. पहिला घाणा फुटला. दुसऱ्याला पाणी अगदी उकळतेच घेतले आणि पीठ झाकून ठेवले. कोलंबीत आले, मीठ, किंचित साखर आणि तिळाचे तेल. डुकराची चरबी तिथे घालतात, ती इथे वगळली. मोदकपात्रात सहा मिनिटे वाफ दिली आणि झाकण काढले, तर पारीतून कोलंबी गुलाबी दिसत होती.

सासूबाई माळकरी, त्यांनी चाखले नाही. पण कळ्या मोजल्या आणि सुनेला म्हणाल्या, “नऊच आल्यात गं. मोदकाला चालणार नाहीत, त्यांच्याकडे चालत असतील.”

हे झाल्यावर या कुटुंबाला आपल्या दाराशीच एक गोष्ट दिसू लागली. तुमकूर रस्त्यावर भल्या पहाटे उघडणारी दर्शिनी. बसायला खुर्ची नाही, उभे राहून खायचे. थरांच्या भांड्यातून ताटलीएवढी तट्टे इडली निघते, शेजारी वडा, स्टीलच्या पेल्यात फेसाळ कॉफी. पाळीवर जाणारा कामगार दहा मिनिटांत खाऊन, हात धुऊन वाटेला लागतो. कन्नड माणसाने ती पाहुण्यांसाठी काढलेली नाही. ती त्याची स्वतःची रोजची न्याहारी आहे, म्हणून ती स्वस्त आहे आणि म्हणूनच तिला चव आहे. फोशानचा तो फिटर इथे आला, तर त्याला कुणी काही समजावून सांगावे लागणार नाही. इतके दिवस यांनी ती फक्त ‘घाईची खाण्याची जागा’ म्हणून पाहिली होती.

डिमसमचे दुकान पीण्यात अजून निघालेले नाही. कधी कँटनची चार माणसे इथे कामाला आली, त्यांना सकाळी घरची आठवण झाली, तर तेही निघेल. तोवर त्या घरात उन्हाळ्यात कुरडयांचा चीक निघाला की सासूबाई आठवणीने एक वाटी बाजूला वाळत घालतात.