वांग्याच्या चान्या

कोळवण हे मुळशी तालुक्यातले आमचे गाव. पौडवरून आत वळले की वळकी नदीचे खोरे लागते. भात हे इथले मुख्य पीक आणि मुळशीचा आंबेमोहोर तर पुण्याच्या बाजारात नावाजलेला. आम्ही दोघी जावा याच गावात नांदायला आलो. तीस वर्षे एका चुलीवर स्वयंपाक करतो आहोत, म्हणून हे दोघींच्या वतीने लिहीत आहोत.

थोरलीची लेक पुण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. दोन वर्षांपासून ती वीगन झाली. म्हणजे मांस, मासळी, अंडी नाहीत, शिवाय दूध, दही, तूप आणि मधसुद्धा नाही. बुद्धपौर्णिमेला सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून आपल्या घरोघरी खीर होते. यंदा लेकीने आधीच बजावले, "आई, दुधाची खीर मी खाणार नाही. त्याऐवजी मी शार्कुतरी मांडते, सगळे मिळून खाऊ." आईच्या हातची खीर नको म्हणते, याचे आम्हांला वाईट वाटले. पण पोर चार दिवस सुट्टी काढून येणार, म्हणून गप्प बसलो.

हा शब्द फ्रान्समधला. तिकडे डुकराचे मांस शिजवून, मिठात मुरवून किंवा धुरावर सुकवून विकतात, त्या दुकानाला शार्कुतरी म्हणतात. मूळ अर्थच शिजवलेले मांस. त्याचे पातळ काप, चीज, फळे, लोणची, पाव असे लाकडी फळीवर मांडायचे आणि सगळ्यांनी भोवती बसून उचलून खायचे. लेकीला हेच मांसाशिवाय आणि दुधाशिवाय करायचे होते. फळी म्हणून तिने पाट मागितला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पाटावर बसत्यात बाई, खात न्हाईत." मग मोठी परात घेतली आणि तिच्यात केळीचे पान अंथरायचे ठरले.

चीजच्या जागी तिने पाव किलो शेंगदाणे रात्रभर भिजवले, सकाळी उकडून बारीक वाटले. त्यात दोन लिंबांचा रस, मीठ, पाच-सहा लसूणपाकळ्या घालून गोळा फडक्यात बांधून टांगला. तासा-दोन तासांत घट्ट चक्का झाला. मांसाच्या जागी वांगी. बोटभर रुंदीचे लांब पातळ काप करून त्यांना चिंचेचा कोळ, मीठ, लाल तिखट आणि काळा मसाला चोळला. मग सुईने दोऱ्यात ओवून ते अंगणातल्या दोरीवर वाळत घातले. वैशाखाचे ऊन, दोन दिवसांत काप वाळून काळपट झाले.

दुपारी सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, नजर अधू झाली आहे. त्या दोरीखाली थांबल्या आणि एकदम म्हणाल्या, "ह्या चान्या कुणी वाळत घातल्या?"

आमच्या मुलांना हा शब्द माहीत नव्हता. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या आणि पावसाळ्यात काही नसले की शिजवायच्या, त्या चान्या. सासूबाई ओट्यावर बसल्या आणि त्यांच्या आईकडून ऐकलेले सांगू लागल्या. गावातले मेलेले ढोर ओढायचे काम आपल्या माणसांवर आणि त्याचे मांस हाच मोबदला. "पोटाला नव्हतं म्हणून खाल्लं. अन् खाल्लं म्हणून वर आपल्यालाच हिणवलं." १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले, हे आपण सारे जाणतो. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असेही सांगितले होते. ती बातमी पोहोचल्यावर आजोळी घरातली दोरी सोडून चुलीत घातली, असे सासूबाईंची आई सांगायची.

धाकटीला राहवले नाही. ती पोरीला म्हणाली, "आपल्या खाण्याला नावं ठेवणारे काय कमी होते, म्हणून तूही हे नको, ते नको सुरू केलंस?"

लेक म्हणाली, "काकू, मी कुणाच्या ताटाला नावं ठेवत नाही. तुम्ही सुकट खा, मटण खा. माझ्या ताटात काय नको, एवढंच मी ठरवलंय. पणजीला ठरवायला कुठं मिळालं होतं?" मग तिने शाहू पाटोळे यांचे नाव सांगितले. त्यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली आहे. लपवण्यासारखे त्यात काही नाही, असे ती म्हणाली. धाकटी त्यावर काही बोलली नाही, पण वांग्याचे काप तव्यावर भाजायला तीच बसली.

पौर्णिमेला परात भरली. मधोमध शेंगदाण्याचा चक्का, भोवती भाजलेले काप, तळलेले सांडगे, कुरडया, काकडी, आंब्याच्या फोडी, रानातली करवंदे, तांदळाच्या भाकरीचे कडक तुकडे. नारळाच्या दुधाची वाटीभर खीरही आम्ही केली आणि लेकीने ती पुसून खाल्ली.

गावातल्या तीन शेजारणी आल्या. दोघींनी परातीतले उचलून खाल्ले, चक्का कसा केला तेही विचारले. तिसरीने आज उपवास आहे म्हणत सालासकट एक केळे घेतले. दरवर्षी ती केळेच घेते. बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले आहे की, नुसत्या सहभोजनाने जात जात नाही. आमच्याकडे तर अजून सहभोजनाचाच पत्ता नाही.

सासूबाईंनी एक काप बराच वेळ हातात धरला. मग चावून बघितला आणि हसल्या, "वांगंच हाय की गं!" पुन्हा दोन मागितले.

भगिनींनो, हे करायला खर्च फार नाही, सगळे जिन्नस घरचेच आहेत. जरूर करून पाहा. मात्र मांडायला बसाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि त्यांच्या लहानपणी घरात काय शिजत होते ते विचारा. आम्ही तीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते.